घाटावरची शाळा आणि नवा मास्तर



वार्षिक व्याख्यानमालेत आपण बहुधा कविता, कादंबरी, संतवाङ्मय, क्वचित इतिहास असे विषय ऐकता. त्या रांगेत 'नव्या शिक्षकाला सोबत कोणाची' हा विषय थोडा परका वाटेल. पण साहित्य मंडळाला ज्याच्यावाचून चालत नाही तो माणूस म्हणजे वाचक, आणि वाचक घडायला सुरुवात होते ती पहिली-दुसरीच्या वर्गात. तिथे उभ्या असलेल्या माणसाला आपले काम जमले तर पुढे आपल्या पुस्तकांना कोणी विचारील. म्हणून हा विषय मी आपल्या घरचाच समजतो.

तो मी कॅसलरॉकच्या अंगाने मांडणार आहे. जोयडा तालुक्यातले हे गाव कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्याच्या शिवेला टेकलेले. 1961 पर्यंत या शिवेपलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते आणि गोव्याला जाणाऱ्या उतारूंचे सामान इथे तपासले जाई. आज सीमा राज्यांपुरती उरली, पण भाषांची सरमिसळ तशीच आहे. घरात कोकणी किंवा मराठी, सरकारी कागदावर कन्नड, आणि बाजारात ज्याला जे समजेल ते. अशा गावात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकापुढचा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त उघडा पडतो. शिवाय इथे रेल्वे आहे, आणि नव्या माणसाच्या हाती काम कसे सोपवावे याचा एक चांगला धडा रेल्वे या घाटात रोज गिरवते.

कॅसलरॉकपासून खाली कुळ्यापर्यंतचा घाट आपल्याला ठाऊक आहे. चढ सदतिसास एक, म्हणजे 37 मीटर पुढे गेले की एक मीटर वर. एका इंजिनाच्या बळावर भरलेली गाडी हा चढ चढत नाही. म्हणून कुळ्याला मागून आणखी इंजिने लागतात, ती कॅसलरॉकपर्यंत रेटत आणतात, आणि माथा आला की सुटी होतात. रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी रीत. ज्या चालकाला हा मार्ग नवा आहे त्याच्या हाती गाडी एकदम देत नाहीत. मार्ग जाणणाऱ्या चालकाबरोबर त्याने आधी फेऱ्या करायच्या. कुठे उतार, कुठे वळण, कोणता सिग्नल उशिरा दिसतो, पावसात रुळावर कुठे चाक घसरते, हे डोळ्यांनी पाहायचे, आणि मार्ग समजला अशी सही करायची. याला 'लर्निंग रोड' म्हणतात. फार दिवस या मार्गावर न आलेल्या जुन्या चालकालाही पुन्हा फेऱ्या कराव्या लागतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. परीक्षा पास होणे वेगळे आणि हा घाट येणे वेगळे, हे तिथे सर्वांना मान्य आहे.

आता शाळेकडे या. राज्यपातळीवरच्या निवडयादीतून एका मुलीची नेमणूक होते. समजा ती विजयपूरची किंवा बागलकोटची आहे. डीएड झालेले, परीक्षेत गुण चांगले. जूनमध्ये, म्हणजे जोयड्याचा पाऊस सुरू होतानाच, ती इथल्या एखाद्या कनिष्ठ प्राथमिक शाळेत हजर होते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यांतला एक रजेवर किंवा बैठकीला गेला की शाळेत ती एकटी. पहिली ते तिसरीची मुले एका खोलीत. ती कन्नडमध्ये 'नीरु' म्हणते, कुणब्यांची पोर 'उदक' म्हणते, शेजारचा मुलगा 'पाणी' म्हणतो. तिघांनाही तहान एकच लागलेली असते. हजेरीपट, दुपारच्या जेवणाचा हिशेब, वरून आलेले तक्ते, हे सगळे पहिल्याच आठवड्यात तिच्या हाती येते. जागा रिकामी राहिली तर मानधनावर अतिथी शिक्षक येतो. त्याला तर तयारीचे एवढेही दिवस मिळत नाहीत. ज्या घाटात चालकाला एकटे सोडत नाहीत, त्या घाटातल्या शाळेत शिक्षकाला पहिल्या दिवशी एकटे सोडतात.

यातून काय होते? ती मुलगी वाईट शिक्षिका होते असे नाही. ती जगण्यापुरते उपाय शोधते. फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी उतरवून घ्यायचे, म्हणजे वर्ग शांत राहतो. आवाज चढवायचा, म्हणजे मागचा बाक ऐकतो. समोरच्या चार हुशार मुलांना विचारायचे, म्हणजे उत्तर मिळते. पहिल्या वर्षी अडचण म्हणून धरलेली ही काठी पुढे सवय होते, आणि सवय तीस वर्षे टिकते. किंवा ती बदलीचा अर्ज करते आणि मुले पुन्हा नव्या माणसाची वाट पाहतात. दोन्हीकडे नुकसान मुलांचे, आणि तेही अशा मुलांचे, ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे दुसरे कोणी नाही.

आपल्या साहित्यात या एकटेपणाचे चित्र फार आधी आले आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमलेला कोवळा मास्तर राजाराम आपण सर्वांनी वाचला आहे. आपण ती कादंबरी माणदेशाची, धनगरांची, दुष्काळाची म्हणून वाचतो. एकदा ती नव्या शिक्षकाच्या पहिल्या नेमणुकीची गोष्ट म्हणून वाचून पाहा. त्याला वाडीत रुजवतो कोण? शिक्षणखाते नव्हे. म्हातारा कारभारी. मुले शाळेत का येत नाहीत, कोणाच्या घरी काय बोलावे, कोणत्या भांडणात पडू नये, हे कारभाऱ्याला कळते. अक्षरे मास्तराला येतात, माणसे कारभाऱ्याला येतात. पुढे दोघांत दुरावाही येतो, आणि तेव्हा मास्तर किती एकटा पडतो हेही माडगूळकर दाखवतात. पण राजारामला एक गोष्ट तिथेही मिळाली नाही: शिकवण्याच्या कामाविषयी बोलायला दुसरा शिक्षक. कारभारी गाव समजावू शकतो. बाराखडी अडली तर काय करावे हे तो सांगू शकत नाही.

मग शाळेत दुसरा शिक्षक किंवा जाणता माणूस येत असे तो कोणत्या रूपात? दिपोटीच्या. जुन्या मुंबई इलाख्यात डेप्युटी इन्स्पेक्टर येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांना उत्तरे पाठ करवली जात आणि मास्तरांचा घसा कोरडा पडे. साहेब शेरेबुकात शेरा लिहून जात. या अधिकाऱ्यांत मोठी माणसेही झाली. 1862 मध्ये उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. त्याच काळात शेजारच्या धारवाड-बेळगाव भागात डेप्युटी चन्नबसप्पांनी पाहिले की कन्नड बोलणाऱ्या मुलांना मराठीतून शिकवले जाते आहे. त्यांनी कन्नड शाळांसाठी झटून काम केले आणि धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकही घडवले. मराठी माणसाने हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे. तेव्हा कन्नड मुलाची जी अडचण होती तीच आज जोयड्यातल्या कोकणी-मराठी मुलाची आहे. भाषा उलटल्या, अडचण तीच. पण चन्नबसप्पांसारखे अधिकारी विरळा. एरवी तपासणी म्हणजे दोष शोधणे, असा समज शिक्षकांच्या हाडीमासी खिळला, आणि तो अजून गेलेला नाही.

माझे आजचे म्हणणे याच ठिकाणी आहे. तपासणारा आणि सोबत करणारा ही दोन माणसे वेगळी असली पाहिजेत. ज्याच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम होणार आहे त्याला मी 'मला भागाकार शिकवता येत नाही' असे कसे सांगू? आणि सांगितलेच नाही तर तो मला शिकवणार काय? नव्या शिक्षकाला असा माणूस हवा, जो वर्गात मागे बसेल, पाहील, आणि जे पाहिले ते फक्त त्या शिक्षकाशीच बोलेल. त्याला मेंटॉर म्हणतात, मार्गदर्शक शिक्षक म्हणतात. मला 'सोबती' हा शब्द पुरेसा वाटतो.

अशा सोबतीचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. ते पद सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, म्हणजे शिक्षिका घडवणारी बाई पुन्हा शिकायला बसली. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा अनुताई त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई काही कच्च्या नव्हत्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले होते. पण शहरातल्या शाळेत शिकवणे वेगळे आणि आदिवासी पाड्यावर, जिथे मूल शाळेत येतच नाही, तिथे शिकवणे वेगळे. मूल येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मूल गुरांमागे जाते तर शाळाही तिथे न्यायची, म्हणून कुरणशाळा. हे सगळे दोघींनी काम करता करता, रोज बोलत, चुकत, बदलत उभे केले. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई 1973 मध्ये गेल्या, आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे अनुताईंनी ते चालवले. गिजुभाईंकडून ताराबाईंकडे, ताराबाईंकडून अनुताईंकडे, आणि अनुताईंकडून शेकडो बालवाडी शिक्षिकांकडे ही विद्या गेली. पुस्तके त्यांनी लिहिली, 'शिक्षणपत्रिका' चालवली, पण मुख्य विद्या शेजारी बसून दिली-घेतली गेली.

कोणी म्हणेल, ती मोठ्या माणसांची गोष्ट झाली. सरकारी शाळेत हे होते का? होते. कर्नाटकातच पाहा. 1995 च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले काही सरकारी शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या छोट्या गावशाळा पाहून आले. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एका खोलीत, प्रत्येक मूल आपल्या गतीने कार्डे घेऊन शिकते आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परत येऊन त्यांनी आपल्या तालुक्यासाठी कार्डे तयार केली. त्यातून 'नलि-कलि', म्हणजे आनंदाने शीक, ही पद्धत निघाली आणि पुढे राज्यभर पसरली. सुरुवातीला तिचे बळ शिक्षकाने शिक्षकाला दाखवण्यात होते. आदेशाने पसरताना कार्डे सगळीकडे पोहोचली, पण ती वापरून दाखवणारा माणूस सगळीकडे पोहोचला नाही. जिथे पोहोचला नाही तिथे कार्डे कपाटात राहिली.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे नाव आपण ऐकले असेल. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी पदाने तपासणीसाची असलेली खुर्ची बाजूला ठेवली आणि शिक्षकांबरोबर वर्गात जमिनीवर बसून ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. पुढे राज्यभरातून शिक्षक तिथले वर्ग पाहायला जाऊ लागले. पाहून आलेल्या शिक्षकाच्या हातात परिपत्रक नव्हते, एक डोळ्यांनी पाहिलेला वर्ग होता. त्याचे मोल वेगळे.

पण व्यवस्था म्हणून आपण काय केले? महाराष्ट्राने 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षे नव्या शिक्षकाने मानधनावर काम करायचे, प्राथमिकला सुरुवातीस महिना 3,000 रुपये. तीन वर्षे हा शिकण्याचा उत्तम काळ ठरला असता. पण पगार उमेदवाराचा दिला आणि काम पूर्ण शिक्षकाचे घेतले. उमेदवारीत जो उस्ताद असतो तो मात्र नेमलाच नाही. केंद्रप्रमुखाचे पद मार्गदर्शनासाठी आहे, कर्नाटकात सीआरपी त्याच कामासाठी आहे. दोघांनाही भेटा, दोघेही तेच सांगतील: दिवस माहिती गोळा करण्यात जातो. दहा-पंधरा शाळांचा माणूस एका शाळेत अर्धा तास थांबला तर त्यात सही होते, सोबत होत नाही. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात शाळा संकुलाची कल्पना मांडली होती: आसपासच्या शाळांनी एकत्र येऊन एकमेकींना हात द्यावा. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात शाळा संकुल पुन्हा आले, शिक्षकांना सोबत देणारे राष्ट्रीय अभियानही आले. कल्पना कागदावर आहे. तिला हवा असतो तो वेळ, आणि वेळ म्हणजे पैसा, हे मान्य करण्याशी आपण अडतो.

ज्यांनी मान्य केले त्यांचीही दोन उदाहरणे देतो. जपानने 1989 पासून नव्या शिक्षकाला पहिले वर्षभर प्रशिक्षण सक्तीचे केले. शिवाय तिथे शिक्षक मिळून एक धडा आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात, आणि नंतर चर्चा होते ती धड्याची, शिक्षकाची नव्हे. स्कॉटलंडने 2002 पासून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी कमी तास दिले, म्हणजे उरलेल्या वेळात त्याने दुसऱ्यांचे वर्ग पाहावेत आणि आपल्या सोबत्याशी बोलावे. दोन्हीकडे सोबतीसाठी वेळापत्रकात जागा केली. शाळा सुटल्यावर जमले तर बोला, असे सांगितले नाही.

आता प्रत्यक्ष सोबती करतो काय? तो व्याख्यान देत नाही. एक उदाहरण घेऊ. आपली विजयपूरची शिक्षिका सांगते, 'मुले बोलतच नाहीत.' सोबती वर्गात बसतो आणि फक्त मोजतो: अर्ध्या तासात कोणाला किती प्रश्न विचारले. नंतर तो कागद तिच्यापुढे ठेवतो. वीस मुलांपैकी सहाच मुलांना प्रश्न गेलेले असतात. तो 'तुम्ही पक्षपात करता' म्हणत नाही. कागदच बोलतो. मग दोघे मिळून पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवतात. सात गोष्टी सांगणारा सोबती एकही बदलू शकत नाही.

किंवा भाषेचे घ्या. जोयड्याचा जुना शिक्षक तिला सांगेल: आधी दोन्हीकडे चालणारे शब्द धरा. कन्नडमध्ये कुर्ची आहे, मराठीत खुर्ची. तिकडे किटकी, इकडे खिडकी. तुप्प आणि तूप. अज्जी आणि आजी. अक्का, अण्णा, गाडी तर जशीच्या तशी. या शब्दांवर पहिले पंधरा दिवस काढा, मूल म्हणेल, बाईंची भाषा मला येते. मग नीरु आणि उदक शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना वर्गात बोलवा, त्या इथल्याच आहेत, एक गोष्ट त्यांच्या बोलीत सांगू द्या. हे कोणत्या प्रशिक्षणात सांगतील? ज्याने या मुलांबरोबर दहा पावसाळे काढले तोच सांगू शकतो.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला: जुना शिक्षक चांगला असतोच असे नाही, वाईट सवयीही तोच पुढे देईल. म्हणून सोबती ज्येष्ठतेने नेमू नये. ज्याचा वर्ग पाहावासा वाटतो त्याला नेमावे, आणि त्यालाही दुसऱ्याच्या वर्गात बसवावे. दुसरा: आजची नवी पिढी मोबाइलवर जे पाहते ते जुन्याला ठाऊकच नसते. अगदी बरोबर. मग सोबत दुहेरी होऊ द्या. नवा जुन्याला तेवढे शिकवील. तिसरा आणि सर्वांत अवघड: जोयड्यात शाळा लांब लांब, मध्ये व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, पावसात वाटा बंद. सोबती पोहोचणार कसा? रोज नाही पोहोचणार. महिन्यातून एक पूर्ण दिवस पोहोचला, आणि मधल्या काळात आठवड्याला एक फोन झाला, तरी आज जे शून्य आहे त्यापेक्षा ते खूप आहे. पण तो दिवस कर्तव्याचा धरला पाहिजे. प्रवासभत्ता मिळाला पाहिजे, आणि त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या वर्गावर कोणी असले पाहिजे. परोपकार म्हणून सुरू झालेली सोबत दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

हे सगळे सरकारने करायचे, मग साहित्य मंडळाने काय करावे? आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक किती आहेत पाहा. कोणत्याही साहित्य मंडळात ते असतातच, बहुधा पहिल्या दोन रांगांत. त्यांच्याजवळ घाट ठाऊक असल्याची विद्या आहे आणि आता शेरा लिहिण्याचा अधिकार नाही. सोबत्याला याहून चांगली पात्रता कोणती? लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, जोयडा या टापूत कन्नड शाळा असो की मराठी, यंदा जो नवा शिक्षक आला असेल त्याला मंडळाने पत्र लिहावे. मुख्याध्यापकांची आणि खात्याची परवानगी रीतसर घ्यावी. मग एका निवृत्त शिक्षकाने महिन्याचा एक दिवस त्या शाळेला द्यावा. पहिल्या भेटीत काही सांगू नये. मागच्या बाकावर बसावे, मुलांची नावे पाठ करावी, जेवणाच्या सुटीत नव्या शिक्षकाला विचारावे, 'या आठवड्यात काय अडले?' आणि तो जे सांगेल ते शाळेच्या फाटकाबाहेर नेऊ नये.

जूनमध्ये शाळा सुरू होतील. त्याआधी मंडळाच्या कार्यकारिणीने पाच नावे काढावीत, एवढीच माझी विनंती आहे. सहावे नाव माझे लिहून घ्यावे.